हिरवी घेतली, पांढरी सोडली

गाडी कोणती घ्यावी हे इथे विचारू नये, अशी पाटी मी घराच्या दारावर लावणार होतो. बायकोने लावू दिली नाही. म्हणाली, लोक हसतील.

झालं असं, की गेल्या महिन्यात पुतण्या आला. त्याला मोठी, सात माणसांची गाडी घ्यायची आहे. मोबाइलमध्ये दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या करून तो मला दाखवायला लागला. हिची ताकद जास्त, तिची मागची जागा जास्त, हिचं छत उघडतं, तिची किंमत एवढ्याने कमी. "काका, तुम्ही म्हणाल ती घेतो. तुमच्याइतकं कोण बघणार?" मी अर्धा चहा तसाच टाकून मागच्या अंगणात गेलो. त्याला वाटलं, काकांना नीट ऐकू आलं नसेल. कान शाबूत आहेत माझे. उठलो त्याचं कारण वेगळं होतं, आणि ते मी आजवर कुणाला पुरतं सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

बोईसर-तारापूर रस्त्यावर माझं गॅरेज होतं. कारखाने नुकते उभे राहत होते तेव्हा सुरू केलं आणि नव्वदीच्या मध्यानंतर बंद केलं. पोट भरायचं दुरुस्तीवर, पण नाव झालं ते गाड्या बघून देण्यामुळे. त्या काळी मोठी गाडी घेणं म्हणजे घर बांधण्याइतकं मोठं काम. लोक आधी मिस्त्रीला विचारायचे, मग बायकोला. आमच्या भागात मोठी गाडी कुठल्याही कंपनीची असो, तिला जीपच म्हणायचे. दोन गाड्यांवर येऊन गाडं अडलं, की गिऱ्हाईक माझ्याकडे यायचं.

माझी पद्धत ठरलेली होती. दोन्ही गाड्यांत सिमेंटच्या बारा-बारा गोण्या भरायच्या आणि पालघर-मनोर रस्त्यावरच्या वाघोबाच्या खिंडीत न्यायच्या. चढावर मध्येच थांबवायची आणि तिथून पुन्हा उचलायची. जी कण्हत उचलेल ती बाद. मग गोणपाट अंथरून तासभर गाडीखाली पडायचं आणि बॅटरीच्या उजेडात एकेक नळी, स्प्रिंगचा एकेक पाटा बघायचा. शेवटी किंमत. शोरूमवाला सांगतो ती नाही. पाच वर्षांत पार्ट, टायर आणि डिझेल धरून जी पडते ती. पहिल्याला मी ताकद म्हणायचो, दुसऱ्याला पोट आणि तिसऱ्याला खिसा. तिन्ही बघून मी एका वाक्यात निकाल द्यायचो आणि त्यावर चर्चा करायचो नाही. घमेंड होती, ती लपवत नाही. बहुतेक निकाल बरोबरही निघायचे.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकाने दोन गाड्या माझ्यासमोर उभ्या केल्या. मी ताकद, पोट, खिसा सांगत बसलो, तर त्याचा ड्रायव्हर मला बाजूला घेऊन म्हणाला, "उस्ताद, इंजन-विंजन छोड़ो. साहब बैठें तो गेट पर सबको दिखने चाहिए, बस." साहेबांची उंची जेमतेम पाच फूट. मी निमूटपणे उंच सीटवाली सुचवली. साहेब खूश झाले आणि दिवाळीला मिठाईचा डबा आला.

याच्या उलट चिंचणीचा एक चिकूवाडीवाला. शहाणा माणूस. आपल्या चिकूच्या करंड्या बैलगाडीत घालून थेट घेऊन आला आणि दोन्ही गाड्यांत स्वतः रचून बघितल्या. एकीत तीन करंड्या जास्त बसल्या, पण वरच्या थराचे चिकू हुडाखाली तापत होते. त्याने दुसरी घेतली. जाताना मला म्हणाला, "मिस्त्री, सिमेंट भरून काय कळतं? मला काय सिमेंट विकायचंय?" मी हसण्यावारी नेलं. तेव्हा त्याचं ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

हिराबाय माझ्याकडे आली ती त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. समुद्रकाठच्या मुरबे गावची कोळीण, पन्नाशीची, आवाज खणखणीत. तिच्यासोबत अकरा बायका. या बारा जणी मुरब्याहून मासळी घेऊन बोईसर, पालघर आणि मनोरच्या बाजारात बसायच्या. एसटीचा कंडक्टर पाट्या चढवू द्यायचा नाही. टेम्पोवाला मन मानेल तेव्हा यायचा, तोवर बर्फ वितळून जायचा. पालघरला सरळ जायचं तर खाडी आडवी, म्हणून बोईसरवरून वळसा. शेवटी बारा जणींनी मिळून स्वतःची गाडी घ्यायचं ठरवलं. आपली माणसं बसतील, पाट्या बसतील आणि गावात कुणाला दुखलं-खुपलं तर दवाखान्यातही नेता येईल, अशी मोठी गाडी. हिराबायचा मुलगा दामू कारखान्याचा ट्रक चालवायचा. तो ट्रक सोडून ही गाडी चालवणार होता. धाकटी मुलगी नर्मदा आईबरोबर बाजारात बसायची. पाट्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीच्या पाटीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधणं हे तिचं काम.

दोन गाड्या ठरल्या होत्या. कंपन्यांची नावं घेत नाही, दोन्ही चांगल्या होत्या. एक हिरवी, वरून कापडी हुड, मागे दोन्ही बाजूंना बाकं, आणि मधल्या तळाच्या पत्र्याला सरींसारख्या वळ्या. दुसरी पांढरी, सगळीकडून बंद, लांब, मागचं दार खालपर्यंत उघडणारं, आतला पत्रा सपाट. खिंडीत हिरवी बारा गोण्या घेऊन हूं की चूं न करता चढली. पांढरीने मात्र धाप टाकली. हिरवीचा पार्ट सफाळ्यापासून डहाणूपर्यंत कुठल्याही टपरीवर मिळायचा, पांढरीसाठी मुंबई गाठावी लागायची. किंमतही हिरवीची बरीच कमी.

मी दोन्ही गाड्यांखाली पडलो. एक फरक मला तेव्हाही दिसला होता, तो सांगतो. ब्रेक दाबला की त्याचं तेल नळ्यांतून चाकांकडे जातं. हिरवीत सगळ्या चाकांना मिळून एकच वाट होती. कुठेही नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. पांढरीत पुढच्या चाकांची वाट वेगळी आणि मागच्यांची वेगळी, एक गेली तरी दुसरी धरते. मी मनात म्हटलं, नवी नळी फुटते कशाला? आणि पुढे सरकलो.

हिराबायने मात्र स्वतःची परीक्षा आणली होती. ओल्या मासळीने भरलेली पाटी डोक्यावर घेऊन ती पांढरीच्या मागच्या दाराशी उभी राहिली. "ही बरी हाय मिस्त्री. पाटी सरल आत जाते. नी पानी दारातना भायेर जाईल." तिला ती पाटी दोन्ही गाड्यांत ठेवून एक चक्कर मारायची होती. विक्रेत्याचा माणूस नाकाला रुमाल लावून मध्ये आला. नव्या गाडीत मासळी ठेवायची नाही, वास लागतो. मीही त्याची बाजू घेतली. म्हटलं, "हिराबाय, गाडी अशी बघतात होय? वजन वजनाच्या जागी. सिमेंट काय नि मासळी काय."

"मासली गलते ना पन," ती म्हणाली.

बाकीच्या बायका हसल्या, मीही हसलो. मग एका वाक्यात निकाल दिला: हिरवी घ्या. त्यांनी घेतली. हिराबायने वाद घातला नाही. मिस्त्रीने सांगितलं म्हणजे झालं, असा तिचा स्वभाव होता. मुरब्यात गाडीची पूजा झाली तेव्हा नारळ फोडायचा मान मला दिला.

महिन्याभरात बारा जणी पुन्हा गॅरेजवर आल्या. पाट्यांतून गळणारं बर्फाचं आणि मिठाचं पाणी पत्र्याच्या वळ्यांत साचून राहत होतं. पायांखाली चिखल, लुगडी भिजलेली आणि घाण वास. परतीला भाडं घ्यावं तर माणूस गाडीत पाऊल ठेवत नव्हता. मला मनातून लाज वाटली, कारण हिराबायने हेच सांगितलं होतं. पण लाज कबूल करण्यापेक्षा उपाय करणं सोपं असतं. मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे. ड्रिल काढलं आणि वळ्यांच्या तळाला सहा भोकं पाडली.

मी वरून भोकं पाडत होतो आणि दामू खाली पडून, कुठे काही लागत नाही ना ते बघत होता. खालून त्याने हाक दिली. "मिस्त्री, हितं एक नली हाय. पानी बराबर तिच्यावर पडल."

"ब्रेकची आहे. लोखंड आहे ते, पाण्याने काय होतंय?"

"खारा पानी हाय मिस्त्री. आमच्या होडीचा खिला पन खातो खारा."

तू गाडी चालव, मिस्त्रीगिरी मला करू दे, असं मी म्हणालो. अगदी हेच शब्द. दामू निमूट बाहेर आला आणि अंगावरची धूळ झटकली. बायकांनी बादलीभर पाणी ओतून बघितलं. सहा धारांनी खाली गेलं, आत थेंब उरला नाही. नर्मदाने टाळ्या वाजवल्या. मला त्या दिवशी दोन मोठे सरंगे मिळाले. मुंबईकर त्यांना पापलेट म्हणतात. चवीने खाल्ले.

गाडी दुरुस्तीला माझ्याकडेच यायची. इंजिन बघायचो, तेल बदलायचो, ब्रेक दाबून बघायचो. खाली मागच्या बाजूला मात्र कधी गेलो नाही, कारण तिथे सतत ओल आणि वास. ब्रेकचं तेल जरा कमी झालेलं एकदा दिसलं. ते वरून भरलं आणि गाडी दिली. गाडी विकत घेताना तासभर खाली पडणारा माणूस मी, रोज माणसं वाहणाऱ्या गाडीखाली दोन वर्षांत पाच मिनिटं पडलो नाही.

दुसऱ्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. मनोरच्या बाजाराचा दिवस, सकाळी नऊ-साडेनऊची वेळ. हिरवी वाघोबाची खिंड चढली. देवळापाशी दामूने नेहमीसारखा हात जोडला आणि गाडी पलीकडच्या उताराला लागली. दुसऱ्या वळणावर ब्रेकचं पेडल सरळ तळाला गेलं. हँडब्रेक ओढला, पण भरलेल्या गाडीला तो काय पुरणार? गाडी झाडावर आपटून आडवी झाली. नर्मदा मागच्या फळीपाशी बसली होती. ती जागच्या जागी गेली. बाकीच्यांचे हातपाय मोडले. हिराबायला कपाळावर टाके पडले. मी पोचलो तेव्हा रस्त्यावर बर्फ, मासळी आणि बारा रंगांच्या चिंध्या पसरल्या होत्या.

सरकारी तपासणीत ब्रेक निकामी एवढं नोंदलं गेलं. का निकामी, ते कुणी खोलात विचारलं नाही. मग गाडी ओढून माझ्याकडे आणली. गॅरेजमधल्या माणसांना जेवायला पाठवून मी गोणपाट अंथरलं आणि खाली शिरलो. दुपारची वेळ होती. हुड फाटून उडाला होता, म्हणून वरच्या सहा भोकांतून ऊन खाली येत होतं आणि माझ्या छातीवर सहा ठिपके पडले होते. नळी तिसऱ्या भोकाच्या बरोबर खाली फुटली होती. बाकीच्या ठिकाणीही ती फुगून तपकिरी झालेली. मी अंगठ्याने दाबली, तर बिस्किटासारखी भुगा झाली. मग मी ती नळी कापून काढली आणि बाहेर येऊन भंगाराच्या पिंपात टाकली.

नर्मदाचे दिवस झाल्यावर मुरब्यात देवळासमोरच्या मांडवात गाव बसलं. गावाला एकच गोष्ट कळून घ्यायची होती: चूक कुणाची? दामू सांगत होता, ब्रेक लागलाच नाय. त्यावर एक म्हातारे तांडेल, होडीवरचे प्रमुख, म्हणाले, "हरेक डायवर हाच बोलतो. मिस्त्री हायत ना, त्यांना विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दामूनेही. त्याच्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. तो नुसता वाट बघत होता. मला चार शब्द बोलायचे होते: भोकं मी पाडली होती. तोंडात आले होते. तेवढ्यात मला गॅरेजची पाटी दिसली, रंगाच्या कारखान्याचे साहेब दिसले, पंधरा वर्षांचं नाव दिसलं. आणि मी म्हणालो, "उतारावर न्यूट्रल केली असेल, तर गाडी ऐकत नाही."

बाहेरच्यांना सांगायला हवं. डिझेल वाचवायला उतारावर गिअर काढून गाडी नुसती सोडून द्यायची, ही तेव्हाच्या ड्रायव्हरांची सर्रास खोड. दामूही ट्रकवर असताना करायचा, गावाला ते माहीत होतं. म्हणून माझं वाक्य लगेच पटलं. मी "केली असेल तर" म्हणालो होतो. खोटं एक अक्षर बोललो नव्हतो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावलं.

हिराबायने विचारलं, "दामू, केलीस न्यूट्रल?"

"नाय आये. त्या दिशी नाय केली."

"त्या दिशी," हिराबाय हळूच म्हणाली. मग त्याच्याकडे पाठ करून घरात निघून गेली. दामूने पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं. मी चपला शोधत होतो.

तो पंधरा दिवसांत गुजरातला ट्रॉलरवर कामाला गेला. वर्षाकाठी घरी पैसे पाठवायचा, ते हिराबाय परत पाठवायची. तिने पुन्हा पाटी डोक्यावर घेतली आणि एसटीच्या कंडक्टरशी भांडणं सुरू केली. मी गाड्या बघून देणं सोडलं. चारेक वर्षांनी गॅरेजही विकलं. लोकांना वाटलं, पाठीचं दुखणं आहे.

बोईसरच्या बाजारात हिराबाय भेटायची. मी टाळायला बघायचो, तर लांबून हाक मारायची. माझ्या पिशवीत निवडून सरंगा टाकायची आणि पैसे घ्यायची नाही. एकदा मी फारच आग्रह केला, तेव्हा म्हणाली, "र्‍हाव द्या मिस्त्री. माझा सोताचा पोर खोटा बोल्ला. तुमी तेवढं खरा बोल्लात." तो सरंगा मी घरी नेला नाही. रस्त्यात एका बाईला देऊन टाकला. पण बाजारात जात राहिलो, आणि ती देत राहिली.

पुढे तिने अंथरूण धरलं. ती गेली तेव्हा दामू गुजरातहून आला. वीस वर्षांनी मी त्याला बघत होतो. केस पिकलेले, हात जाळ्याच्या दोरांनी कापलेले. सगळं आटोपल्यावर तो खाडीकाठी एका उलट्या होडीला टेकून बसला होता. मी शेजारी बसलो आणि बोललो. भोकं, नळी, भंगाराचं पिंप, सगळं. म्हटलं, "दामू, तुझी चूक नव्हती. मला माहीत होतं."

"मला पन माहीत होता मिस्त्री," तो म्हणाला. "नली मीच दाखवली तुमाला."

"मग तू बोलला का नाहीस मांडवात?"

"मी बोल्लो असतो तं कोन ऐकला असता? तुमी मिस्त्री, मी डायवर. तुमी बोलाल म्हनून वाट बघत होतो." मग म्हणाला, "आता मला सांगून काय? मला माहीतच होता. आयेला सांगायचा होता. दोन दिस आदी जरी आला असतात, नि तिच्या कानात बोल्ला असतात, तरी पुरला असता."

ती जायच्या दोन दिवस आधी मी आलो होतो. मोसंबी घेऊन. हिराबायच्या उशाशी अर्धा तास बसलो होतो, आणि ती शुद्धीवर होती. दामूला ते माहीत नव्हतं, आणि त्या दिवशी खाडीकाठी मी ते त्याला सांगितलं नाही.